एकदाच हाक

लाल चोचीच्या त्या मुठीएवढ्या चिमण्या यंदा लवकर आल्या. भाताचा दाणा अजून दुधात होता, बोटानं चेपला तर पांढरं पाणी यायचं, तेवढ्यात नांदीच्या डोंगराकडून थवा उठला आणि कानोच्या सपाटीवर उतरला. असला एक थवा एका सकाळी अख्खं खाचर चाटून नेतो. मग काय, फटफटायच्या आत घरंच्या घरं बांधावर. कुणी पत्र्याचा डबा बडवतंय, कुणी तुटकी थाळी, कुणी नुसताच घसा फाडतंय. लवलवत्या काठीच्या टोकाला चिखलाचा गोळा थापायचा आणि भिरकवायचा. थवा उठतो, शेजारच्या खाचरात बसतो. शेजारी शिव्या घालतो आणि परत आपल्याकडं हाकलतो. दिवस मावळेपर्यंत हाच धंदा.

साऱ्या शिवारात अकेच ही एकच बाई मुक्यानं राखण करत होती. चिखल सपासप मारायची, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. तिचा उजवा खांदा सुजून वर आला होता. डबा तिनं बांधाखाली उपडा घातला होता. याचं कारण खाचराच्या खालच्या अंगाला, पाटाच्या कडेला बसलं होतं. तिचा चार वर्षांचा ओबुया. डबा वाजला की तो कानांवर हात दाबायचा आणि टाहो फोडायचा. तिनं आपला जुना रुमाल त्याच्या कानांवरून गच्च बांधला होता, आणि तो बोटांच्या फटींतून पाटाचं पाणी सोडत बसला होता. असा तो दिवसभर बसला असता.

"अगं सेमेकरणी," पलीकडच्या बांधावरून तिची चुलत जाऊ अपोंडी ओरडली, "पाखरांच्या कानात सांगतीस व्हय? उठा बाबांनो, दुसरीकडं जेवा म्हून?"

"तुज्याकडंच धाडतीया," अकेच म्हणाली. "पर तुजं तोंड बघून माघारी येत्यात."

चार बांधांवरून हसू फुटलं. अपोंडी तोंडाची फटकळ, पण मनाची वाईट नव्हे. तीही हसली आणि परत थाळी बडवायला लागली.

सेमे हे अकेचचं माहेर, तिकडं सरोवराच्या काठाला. इथं सुनेला माहेरावरून हाक मारतात, आणि मूल झालं की त्या मुलाची आई म्हणून. अकेचला मूल होऊन चार वर्षं झाली तरी ती सेमेकरीणच राहिली होती. तिच्या पोराचं नाव घ्यायला घरात कुणाची जीभ उचलत नव्हती, मग त्याची आई तरी कोण म्हणणार?

नावाचं हे भांडण जन्मापासूनचं. गवत माजलेल्या खाचरात बेणणी चालू होती, तिथंच अकेचला कळा आल्या. सुईणीनं तिथल्या तिथं नाव ठेवलं, ओबुया. तणात जन्मला म्हणून. असली नावं कानोत घरोघर आहेत, त्यात वावगं काही नाही. पण सासूच्या मनात मागाक होतं. मागाक हा सासूचा सासरा. ऐन उमेदीत परमुलखी मजुरीला गेला तो परत आला नाही, त्याला माती द्यायला कुणी नव्हतं. असा माणूस घरातल्या नव्या जिवाकडं आपलं नाव मागतो, अशी इथली समजूत. नाही दिलं तर ते मूल रडत राहतं. मग जाणती माणसं एकेका पूर्वजाचं नाव घेऊन हाका मारतात, आणि ज्या नावाला मूल गप्प होतं ते त्याचं नाव. ओबुया तर दोन वर्षांचा झाला तरी रडत होता. हाकेला बघत नव्हता, बोट दाखवत नव्हता, बोलत नव्हता. सासूला आणखी काय पुरावा पाहिजे?

चर्चमध्ये डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाल्या, झाडपाला झाला. मग कुणीतरी सांगितलं, म्हणून अकेच अहेरोच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात गेली. तिथं मागच्या आंब्याखाली गुरुवारी अशा पोरांच्या आया जमायच्या, आणि पेरेस नावाची बाई त्यांना शिकवायची. पेरेसनं ना गोळी दिली ना सुई. ह्याला ऑटिझम म्हणतात, हा शाप नाही, आणि तुझं काही चुकलंय म्हणूनही नाही, एवढं सांगितलं. अकेचनं तो शब्द तोंडात दोनदा घोळवला आणि सोडून दिला. मग पेरेस म्हणाली, "आता त्याला हाक मार बघू."

"ओबुया! ए ओबुया! हिकडं बघ की! अरं ओबुया!"

"घरी अशीच मारतेस?"

"दिसभर. जीभ झिजली माजी."

"मग तुझी हाक त्याच्या लेखी पाखरांच्या कलकलाटासारखी झाली बघ. सारखी चालूच असते, तिच्याकडं कोण लक्ष देणार? आता एकदाच मारायची. खाली बसायचं, त्याच्या तोंडासमोर. त्याला आवडतं ते आपल्या हातात ठेवायचं. नाव एकदा घ्यायचं आणि गप्प राहायचं."

"आन् न्हाईच बघितलं तर?"

"तर थांबायचं. आपली घाई आपण गिळायची."

पोराला आवडतं काय, तर पाणी. अकेचनं पाटाला एक चिमुकलं दारं पाडलं. पाणी खळखळ सुटलं की ओबुया नाचायचा. मग ती मूठभर चिखलानं दारं बुजवायची, त्याच्यासमोर उकिडवी बसायची, एकदा 'ओबुया' म्हणायची आणि गप्प. पोरगं चिखलाकडं बघायचं, तिच्या बोटांकडं बघायचं, चिडायचं, तिचं मनगट ओढायचं. तिच्या पायांना मुंग्या यायच्या. दुसरी हाक दातांपर्यंत यायची, ती गिळायची. बाकीच्या बायका बांधावरून म्हणायच्या, सेमेकरीण पण पोरासारखीच झाली. लावणी गेली, बेणणी गेली. आणि भात पोटरीत आलं तेव्हा एका दुपारी पोरानं मान वर केली. पापणी लवेपर्यंत का होईना, तिच्या तोंडाकडं बघितलं. अकेचनं धाडकन दारं फोडलं. पाणी सुटलं, पोरगं खदखदून हसलं, आणि ती तिथंच चिखलात बसून रडली.

त्यानंतर तो बघायला लागला. रोज नाही, दर वेळी नाही, पण बघायला लागला. आधी हाताच्या अंतरावरून, मग बांधाच्या अंतरावरूनही. अकेचनं घरात सगळ्यांना हात जोडून सांगितलं होतं, उगाच त्याचं नाव घेत जाऊ नका, वाया घालवू नका. सासू त्यावर म्हणाली, "आमी कवा घेतलंय?"

त्या दिवशी दुपारी सासू जेवण घेऊन शेतावर आली. तिला सारं गाव दानी म्हणतं, दानी म्हणजे आजी. तिच्या टोपलीत उगालीचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, गरम गोळा होता आणि वर तळलेला ओमेना, सरोवरातला बारका मासा. तिच्या मागोमाग थोरले चुलते ओतुला काठी टेकत आले. घराण्यात त्यांचा शब्द शेवटचा. अकेचचा नवरा ओन्यांडो बांधावर बसून हात धूत होता.

दानी बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "मागाक आला हुता सपनात."

ओन्यांडोचा हात थांबला.

"ह्या खाचरात उभा हुता. सदरा फाटका, आन् त्या फाटक्यातनं पाखरं निघत हुती, भुर्र भुर्र. मला म्हनला, माजं नाव घेऊन ह्या घरात कुनी जेवत न्हाई. मी उपाशी हाय. तवर तुमी बी जेवू नका." दानीनं अंगावरच्या कापडाच्या टोकानं डोळे टिपले. "आता सांगा, ही पाखरं कुठनं आली?"

"डोंगराकडनं," अकेच म्हणाली. "दर वर्साला येत्यात."

"एवढी येत्यात? एवढ्या लवकर?"

ओतुलांनी उगालीचा घास मोडला, सावकाश चावला. "रविवारी करून टाकू. चर्चमधनं आलो की. कोंबडा कापायचा, पोराला मागाक म्हून हाक मारायची, आन् त्या दिसापासनं जुनं नाव कुनी तोंडातनं काढायचं न्हाई. आईनं बी न्हाई."

"माज्या पोराला नाव हाय, थोरले."

"हाय की. पर त्याला तरी ठावं हाय का?" म्हातारा हसला आणि पाटाकडं वळून त्यानं गळा काढला, "ओबुया! ए ओबुया! ओबुया रं!"

पोरगं पाण्यात बोटं घालून बसलं होतं. त्यानं कानांवरचा रुमाल दाबला, बस्स.

"बघ. रिकाम्या घराला हाका मारतीस तू."

बांधावरचे दोघंतिघं हसले. अकेचच्या हातातला घास तसाच राहिला. मेल्यानं एका दमात तीन हाका फुकट घालवल्या, आणि वर हसतो.

"असं नगा करू, थोरले," ती म्हणाली. "नाव वाया जातंया."

"नाव काय मीठ हाय का, सरायला?"

ओन्यांडोनं खाली मान घालून ओमेनाची डोकी मोडली.

संध्याकाळी पाखरं बोरूच्या बेटात मुक्कामाला गेली तेव्हा दोघं घरी निघाली. ओबुया बापाच्या खांद्यावर होता. खांद्यावर घेतलं की तो शांत असायचा, बापाचं डोकं दोन्ही हातांनी धरून.

"एका नावापायी कशाला वाद घालतीस?" ओन्यांडो म्हणाला. "मागाक तर मागाक. शिकंल की ते बी."

"अवो, हे शिकायला त्याला लावणीपासनं पोटरीपातुर लागलं. उद्यापासनं तुमाला दुसऱ्या नावानं हाक मारते. बघू किती दिसांनी वळून बघता ते."

"पीक जाईल गं. समदी म्हनत्यात..."

"पीक चिमण्या खात्यात. त्या काय नाव इचारून बसत न्हाईत."

"आईला काय सांगू मग?"

"सांगा, बायको ऐकत न्हाई. खोटं थोडंच हाय?"

ओन्यांडोनं पोराला खांद्यावर नीट घेतलं आणि पाय उचलला. माणूस वाईट नव्हता तो. पण थोरल्यांपुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची, आणि अकेचला त्याच गोष्टीचा संताप यायचा.

गुरुवारी ती राखण अपोंडीच्या गळ्यात मारून, पोराला पाठीला बांधून दवाखान्यात गेली. आंब्याखाली पेरेसला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मला एवढं लिहून द्या. ह्याचं नाव बदललं तर हा परत कवा बी शिकनार न्हाई."

पेरेस म्हणाली, "असं कसं देऊ? शिकेल तो. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, वेळ जाईल, मधे बरंच बिघडेल. पण दुसरं नावही शिकेल. तुला बरं वाटावं म्हणून खोटं कशाला बोलू?"

अकेचचा चेहरा पडला. ती कुऱ्हाड मागायला आली होती आणि हिनं रिकामा दांडा हातात दिला.

"मग मी भांडू कशाला?"

"ते तुझं तू बघ. येऊ का मी रविवारी? समजावून सांगते म्हाताऱ्यांना."

"नगं. तुमी आलात की म्हनतील, दवाखान्यानं फितवलं. माजं भांडण माज्याच तोंडानं हुईल."

परतीच्या वाटेवर ऊन डोक्यावर होतं. पाठीवर पोराचा घामेजला गाल टेकला होता. भांडू कशाला, हे तिच्या डोक्यातून जाईना. चालता चालता तिला कळलं तेव्हा ती वाटेतच थांबली. ह्या पोरानं जन्मल्यापासून कुणाकडून काही म्हणून घेतलं नव्हतं. खेळणं दिलं तरी टाकून द्यायचा, कडेवर घेतलं तरी अंग चोरायचा. एक नाव तेवढं त्यानं आपण होऊन उचललं होतं. एवढ्या गलक्यातून निवडून, हे माझं, असं ओळखलं होतं. आणि आता त्याच्या हातातून ते काढून मेलेल्या माणसाला द्यायचं? मागाकचं वाईट झालं, खरं आहे. पण ते माझ्या पोरानं का भरायचं? शिकेल तर शिकेल दुसरं. देणार नाही म्हणजे नाहीच.

रविवारी अंगणात भावकी जमली. चर्चचे पांढरे कपडे अजून अंगावर होते. शेतावर राखणीला दोन पोरांना बसवलं होतं. दानीनं लाल कोंबड्याचे पाय बांधून ठेवले होते, आणि ओतुला अंगणाच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते. अकेच दारात ओबुयाला मांडीत घेऊन बसली. यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण ती आली नसती तर त्यांनी पोराला तिच्यावाचून बसवलं असतं.

ओतुला उठले. पोरावर वाकले. "मागाक!"

ओबुयाचं अंग ताठ झालं.

"मागाक! मागाक रं! ये, आपल्या घरी ये!"

सगळ्यांनी सूर धरला. बायका, बाप्ये, पोरं. मागाक, मागाक. कुणी टाळी धरली, कुणी ताट वाजवलं. ओबुयानं रुमालावरून कान दाबले आणि किंचाळायला सुरुवात केली. तसा लोकांनी आवाज चढवला. रडणं थांबेपर्यंत हाका मारायच्या, अशीच रीत. अकेचनं त्याला छातीशी घट्ट दाबून धरलं, त्याच्या डोक्यावर हनुवटी रोवली. त्याचं हृदय पाखरासारखं उडत होतं. तिनं ओन्यांडोकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पोराचा आवाज घोगरा झाला, मग नुसते हुंदके, मग तेही नाहीत. तो तिच्या मांडीत लोळागोळा होऊन पडला. डोळे उघडे, पण कुठंच न बघणारे.

"गप झाला!" दानी ओरडली. "घेतलं! मागाकनं घेतलं!"

बायकांनी जिभा हलवून आनंदाचा गलका केला. ओतुलांनी कोंबड्याकडं हात केला.

"थांबा," अकेच म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. ती पोराला घेऊन उठली, अंगणाच्या मधे गेली आणि कोंबड्याच्या पायाची दोरी सोडली. कोंबडा फडफडत कुंपणावर गेला. मग सगळे गप्प झाले.

"त्यानं घेतलं न्हाई. तो दमलाय," ती म्हणाली. "तुमच्या छातीवर एवढी मानसं नाचली तर तुमी बी गप व्हाल. त्याला मान देणं म्हनत न्हाईत."

"अगं बये, तोंड सांभाळ," ओतुला म्हणाले. "थोरल्यांपुढं हायेस."

"म्हून तर सांगते. बघा त्याच्याकडं. मागाक म्हटल्यावर त्यानं कुनाच्या तोंडाकडं बघितलं का? सांगा की."

"बरं, मग तू मार हाक!" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "तुज्या त्या नावानं बघतोय का दाव समद्यास्नी!"

"व्हय व्हय, दाव की!" गलका झाला. "एवढं शिकीवलंस म्हनतीस तर दाव!"

अपोंडीसुद्धा हळूच म्हणाली, "मार की गं एकदा. तोंडं बंद हुतील."

अकेचनं खाली बघितलं. पोराचा चेहरा विझलेला. ह्या घटकेला त्याच्या कानाशी देव जरी बोलला असता तरी त्यानं वळून बघितलं नसतं. हाक मारली तर ती फुकट जाणार, आणि अशा वेळी फुकट गेलेली हाक पुढच्या शंभर हाकांना खाणार. मारली नाही तर आपण हरलो. हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"न्हाई मारनार," ती म्हणाली.

"का?"

"जत्रेत माकड नाचवतात तसं न्हाई नाचवनार मी माज्या पोराला. त्याचं नाव त्याच्यासाटी हाय, तुमच्यासाटी न्हाई."

हशा पिकला. मांड्यांवर थापा मारून हसले लोक. "न्हाई मारनार म्हनं! बघतच न्हाई तर मारंल कशी?" ओतुलांनी काठीनं वाट दाखवली. "जा. त्या नावासंगं जा. ह्या घरात मागाक ऱ्हाईल, न्हाईतर कुनी न्हाई."

अकेच चालू पडली. कान जळत होते, डोळे जळत होते, पण पाय नीट पडत होते. जायला जागा एकच होती, ती खाचराकडं गेली.

आणि बांधावर पोचली तर राखणीला कुणी नाही. ती दोन्ही पोरं कोंबड्याच्या आशेनं अंगणाकडं पळाली होती. पश्चिमेकडून थवा उतरत होता, साऱ्या शिवारावर सावली पडावी एवढा. तिनं ओबुयाला पाटाशी ठेवलं, काठी उचलली, चिखल मारायला लागली. एका हातानं काय होतंय? थवा बसला. भात वाकलं.

अंगणातूनही तो दिसला. ओरडा झाला आणि सगळी भावकी पांढऱ्या कपड्यांनिशी धावत सुटली. डबे, ताटं, चर्चचा ढोल, जे हाताला लागेल ते बडवत. अकेचनं दोन्ही हात वर करून थांबा, थांबा म्हटलं, पण थांबतंय कोण? तो सगळा गदारोळ नेमका ओबुयाच्या पाठीशी येऊन फुटला.

पोरगं उठलं आणि पळालं. रुमाल डोक्यावरून सुटून गेला. आवाजापासून लांब, बांधाबांधानं, सरळ मोठ्या कालव्याकडं. मोठा कालवा दोन पुरुष खोल, काठ सिमेंटचे, शेवाळानं बुळबुळीत. दर वर्षी एखादं गुरू त्यात जातं.

"मागाक! थांब रं!" दानी किंचाळली. "ओबुया! ओबुया!" ओन्यांडो ओरडला. मग सगळेच ओरडायला लागले, ज्याच्या तोंडात जे नाव येईल ते, आणि हातातले डबे तसेच वाजत. जेवढं ओरडत तेवढं पोरगं पळत. त्याच्या आणि अकेचच्या मधे गुडघाभर चिखल. तिला पोचायला जमणार नव्हतं.

ती त्याच्यामागं पळाली नाही. ती लोकांकडं वळली.

"गप बसा!" तिचा इतके दिवस मुका राहिलेला घसा फाटला. "समदी गप! वाजवू नका!"

"अगं पाखरं..." ओतुला म्हणाले.

"खाऊ द्यात!"

ओतुलांच्या हातात ढोलाचं टिपरू होतं आणि ते अजून चालू होतं. ओन्यांडोनं ते त्यांच्या हातातून हिसकावून चिखलात फेकलं. थोरल्या चुलत्याच्या हातातून. "ऐकू येत न्हाई का? ती गप बसा म्हनतीया!"

ढोल थांबला. डबे थांबले. एक बारकी पोरगी ताट बडवतच होती, अपोंडीनं ते काढून घेतलं. मग साऱ्या शिवारात एकच आवाज राहिला, हजारो चोची भाताच्या लोंब्यांवर चालल्याचा.

आवाज थांबला तसा ओबुयाचा वेग मंदावला. पण समोर पाणी होतं, आणि पाणी म्हणजे त्याचा जीव. तो काठावर गेला आणि बोटं बुडवायला वाकला.

अकेच चिखलात उकिडवी बसली. एवढ्या लांबून त्याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं असतं, पण तिला दुसरी रीत ठाऊक नव्हती. तिनं श्वास घेतला.

"ओबुया."

आणि गप्प राहिली.

पोरगं वाकलेलंच. पाखरं खात होती. उभं पीक डोळ्यांदेखत चाललं होतं आणि सगळी भावकी हात गाळून ते बघत उभी होती. अकेचच्या शेजारी चिखलात गुडघ्यांवर आलेल्या दानीनं तोंड उघडलं. अकेचनं तिच्याकडं न बघता चिखलानं भरलेला हात तिच्या तोंडावर दाबला. दुसरी हाक तिच्या स्वतःच्याही घशात येऊन बसली होती, विंचवासारखी. ती गिळली. पाय बधिर झाले. ओन्यांडो ओठ चावत होता. कुणी हललं नाही.

मग ओबुयानं मान वळवली.

तिच्याकडं बघितलं त्यानं. सरळ, तिच्या तोंडाकडं. अकेच हसली, दोन्ही हात पुढं केले, पण बोलली नाही. तो उठला. कान दाबून धरलेले, ओठ थरथरतायत, वाटेत कुणाकडं बघणं नाही. माणसं बांध सोडून चिखलात उतरली, त्याला वाट द्यायला. तो आला आणि तिच्या पोटात डोकं खुपसून उभा राहिला.

तिनं डोक्याचा रुमाल सोडला, त्याच्या कानांवर बांधला, वरून तळवे दाबले आणि त्याला उचलून पार पलीकडच्या बांधापर्यंत नेलं. तिथून ओरडली, "आता वाजवा!"

तेव्हा कुठं लोकांना हातातले डबे आठवले. थवा उठला तोवर अर्ध्या खाचरात नुसत्या काड्या उरल्या होत्या. ओतुला चिखलात आपलं टिपरू शोधत होते. कुणी शोधू लागलं नाही.

दिवस कलल्यावर दानी पलीकडच्या बांधावर आली, सुनेशेजारी बसली. तोंडावरचा चिखल वाळून तडकला होता, तो तिनं पुसला नव्हता. ओबुया दोघींच्या मधे झोपला होता.

"ऐकलं त्यानं," दानी म्हणाली. म्हणायचं नव्हतं तरी म्हणाली.

"ऐकलं."

"मला वाटलं हुतं, आत कुनी न्हाईच." म्हातारी झोपलेल्या पोराकडं बघत राहिली. मग ती सावरली, परत सासू झाली. "पर मागाक काय गप बसायचा न्हाई. परत येईल सपनात. त्याला काय सांगू मी?"

अकेचनं सुजलेला खांदा दाबला.

"त्यास्नी सांगा, ह्या घरात ओबुया ऱ्हातो. तुमाला भूक लागली आसंल तर खुशाल या, ताट वाढते. पर दारात उभं राहून वरडायचं न्हाई. एकदाच हाक मारा, आन् थांबा."